परदेशी निघालात? मोबाइलच्या नेटची जुळणी घरीच करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून गोव्यातल्या मोपा, मुंबई नाहीतर बंगळूरच्या विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. कुणी दुबई-थायलंडच्या सहलीला, कुणी उमराला, कुणी अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला, तर कुणी जर्मनीत शिकणाऱ्या मुलाकडे निघालेले असते. बॅगेचे वजन घरातच दोनदा काट्यावर होते. मोबाइलचे मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ असते. तिकडे उतरल्यावर टॅक्सी, हॉटेलचा पत्ता आणि घरी पोचल्याचा निरोप हे सगळे त्या एका फोनवर अवलंबून असते, आणि नेमके तेव्हाच नेट नसते. मोबाइल विक्री-दुरुस्तीच्या धंद्यात हेच प्रश्न रोज काउंटरवर येतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

सीमाभागाला रोमिंग नवे नाही. पूर्वी कोगनोळी ओलांडून कागलला गेले, किंवा बाचीच्या पुढे शिनोळीत पाय टाकला, की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा आणि रोमिंग लागायचे. देशातले ते रोमिंग आता गेले. त्यामुळे परदेशातही फोन आपोआप चालेल, फार तर थोडे जास्त पैसे जातील, असा समज पक्का बसला आहे. तो महागात पडतो. परदेशात पॅक नसताना डेटा चालू राहिला तर आकारणी केबी-एमबीच्या हिशेबाने होते आणि तासाभरात महिन्याच्या रिचार्जच्या कितीतरी पट रक्कम उठू शकते. दरांचे आकडे मुद्दाम देत नाही. हे पत्र छापून येईपर्यंत ते बदललेले असतील.

आमचे सांगणे एवढेच: भारतीय सिम ओटीपीसाठी जागे ठेवा, इंटरनेटची सोय वेगळी करा, आणि दोन्हींची जुळणी निघण्याच्या आठवडाभर आधी घरच्या वायफायवर करून बघा.

आधी भारतीय सिमचे बघू. परदेशात येणारा एसएमएस साधारणपणे फुकट असतो, पण तो येण्यासाठी सिमने तिथले नेटवर्क पकडले पाहिजे, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग ही सेवा चालू असावी लागते. डेटा रोमिंग हे फोनमधले बटण वेगळे आणि कंपनीकडून सुरू होणारी रोमिंग सेवा वेगळी. सेवा चालू आणि बटण बंद, ही ओटीपीसाठीची योग्य मांडणी. सेवा कंपनीच्या अ‍ॅपमधून सुरू होते. रोमिंग पॅक मारला तर बहुधा आपोआप होते. ती भारतात असतानाच सुरू करा, कारण तिकडे उतरल्यावर अ‍ॅप उघडायलाच नेट लागते.

प्रीपेडवाल्यांनी मूळ प्लॅनची मुदत बघावी. रोमिंग पॅक दहा दिवसांचा घेतला आणि खालचा मूळ प्लॅन चौथ्या दिवशी संपला, तर सगळेच अडते. परतीच्या तारखेपुढे आठवडाभर मुदत राहील असा रिचार्ज करून निघा. सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद केला जाऊ शकतो. 20 रुपये शिल्लक असली तर नंबर राखला जातो, पण राखलेल्या नंबरावर ओटीपी येईलच असे नाही. त्यासाठी मुदतीतला प्लॅनच लागतो. इथे राहिलेल्या कुणीतरी वेळच्या वेळी रिचार्ज मारणे हा सोपा मार्ग.

पुष्कळ लोक भारतीय सिम काढून पाकिटात ठेवतात आणि तिथले सिम घालतात. मग बँकेचा ओटीपी कुठे येणार? फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर दोन्ही आत ठेवा. एकाच सिमचा फोन असेल तर भारतीय सिम घरातल्या जुन्या स्मार्टफोनमध्ये घालून सोबत घ्या. मात्र साधा बटणाचा जुना फोन यासाठी सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केले, ऑस्ट्रेलियात 2024 च्या ऑक्टोबरमध्ये उरलेल्या दोन मोठ्या कंपन्यांनीही बंद केले. अशा देशांत फोरजीवर चालणारा फोनच हवा. शिवाय दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2025 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप्स त्या नंबरचे सिम फोनमध्ये असेल तरच चालावीत, असा आदेश काढला आहे. भारतीय सिम मुख्य फोनमधून न काढण्याला हे आणखी एक कारण.

बँक आणि यूपीआयची अ‍ॅप्स नव्या फोनवर बसवताना त्या सिमवरून एक एसएमएस पाठवून ओळख पटवतात. परदेशातून जाणाऱ्या या एसएमएसला पैसे पडतात आणि तो अनेकदा पोचत नाही. म्हणून प्रवासात बँकेचे अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका, फोन फॉरमॅट करू नका आणि नवा फोन घेऊन लगेच विमानात बसू नका. डेबिट-क्रेडिट कार्डाचा परदेशी वापर, रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमाने, नव्या कार्डांवर मुळात बंद असतो. तो अ‍ॅपमधून चालू करून घ्या, नाहीतर तिकडे डेटा संपल्यावर टॉपअप घेताना कार्ड नाकारले जाते. यूपीआय नेपाळ, भूतान, सिंगापूर, यूएई, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा देशांत काही ठिकाणी चालते, पण अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर वेगळा सुरू करावा लागतो आणि अर्थातच नेट लागते.

आता इंटरनेट. मार्ग चार: भारतीय सिमवरचा रोमिंग पॅक, तिथले स्थानिक सिम, प्रवासी ई-सिम (प्लास्टिकचे कार्ड नसलेले, कोडाने फोनमध्ये बसणारे सिम), आणि भाड्याचे पॉकेट वायफाय (खिशात मावणारे वायफायचे यंत्र). एका देशात चार-सहा दिवस जायचे असेल तर रोमिंग पॅक घ्या आणि डोक्याला ताप करून घेऊ नका. महिनाभर किंवा जास्त राहायचे असेल तर स्थानिक सिमसारखे स्वस्त काही नाही. तीन-चार देशांची सहल असेल तर ई-सिम. पॉकेट वायफाय चार-पाच जणांच्या कुटुंबाला जपानसारख्या ठिकाणी परवडते, पण ते रोज रात्री चार्ज करावे लागते आणि ज्याच्या खिशात ते आहे तो माणूस बाजारात पुढे गेला की बाकीचे ऑफलाइन.

रोमिंग पॅक घेताना किंमत सोडून तीन गोष्टी वाचा. देशांच्या यादीत आपला देश आहे का, आणि वाटेत उतरणार तो देशही आहे का. दोह्यात किंवा अबुधाबीत चार तास थांबून पुढे लंडनला जाणाऱ्याचा इंग्लंडचा पॅक त्या चार तासांत उपयोगी पडत नाही. तिथे डेटा रोमिंग बंद ठेवून विमानतळाचे वायफाय वापरावे. दुसरे, पॅकचा ‘एक दिवस’ म्हणजे पहिल्या वापरापासून 24 तास, की भारतीय तारीख बदलेपर्यंत? अमेरिकेतली दुपार म्हणजे आपल्याकडची रात्र, त्यामुळे याने फरक पडतो. तिसरे आणि सगळ्यात दुर्लक्षित, तिथले कोणते नेटवर्क पॅकमध्ये आहे. प्रत्येक देशात आपल्या कंपनीचा करार ठरावीक कंपन्यांशी असतो. फोन आपोआप दुसऱ्याच कंपनीला चिकटला तर एकतर नेट येत नाही किंवा पॅकबाहेरचा दर लागतो. सेटिंग्जमध्ये सिमच्या आत ‘नेटवर्क ऑपरेटर्स’ उघडा, आपोआप निवड बंद करा, दोन-तीन मिनिटे शोध पूर्ण होऊ द्या आणि यादीतून पॅकमधले नाव निवडा. ती नावे निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या, कारण ती शोधायलाही नेट लागते.

विमानात बसल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगतात, ते या बाबतीतही पाळा. काही विमानांत स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते, उंचीवर गेल्यावर ते चालू होते आणि फोन त्याला लगेच चिकटतो. त्याचा दर जमिनीवरच्या रोमिंगहून कितीतरी जास्त असतो आणि देशाच्या पॅकमध्ये तो धरलेला नसतो. क्रूझच्या जहाजावरही हीच गत.

रोमिंग पॅकचा एक गुण फारसा कुणी सांगत नाही. रोमिंगमधला डेटा बहुधा आधी भारतात आपल्या कंपनीकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. त्याने वेग थोडा मंदावतो, पण चीनमध्ये हेच कामाला येते. तिथल्या हॉटेलच्या वायफायवर गूगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब काहीच उघडत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर हे सगळे चालते. व्यापारासाठी ग्वांगझू, यिवूला जाणाऱ्यांनी चीनपुरता तरी रोमिंग पॅकच घ्यावा.

स्थानिक सिमला पासपोर्ट लागतो. सौदीत बोटांचे ठसेही द्यावे लागतात, त्यामुळे ‘माझ्यासाठी एक सिम आणून ठेव’ असे नातेवाइकाला सांगून भागत नाही. जर्मनीत प्रीपेड सिमलाही ओळख पडताळणी असते. इंग्लंडमध्ये मात्र दुकानातून सिम उचलून चालू करता येते. उमराला जाणाऱ्यांना मदिनेच्या मशिदीतल्या रौदा या पवित्र जागेच्या भेटीची वेळ नुसुक अ‍ॅपवर घ्यावी लागते, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी नेटची व्यवस्था करावी. ग्रुपमधल्या एकाच्या हॉटस्पॉटवर सगळ्यांनी विसंबू नये. हरमच्या, म्हणजे मक्केच्या मोठ्या मशिदीच्या गर्दीत तो एक हमखास चुकतो.

सिम घालताना दोन अडचणी येतात. बऱ्याच स्वस्त आणि मध्यम फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. दुसरे सिम घालायचे तर मेमरी कार्ड काढावे लागते; फोटो त्यावर असतील तर आधी हलवा. ट्रे उघडायची पिन पासपोर्टच्या कव्हरला चिकटपट्टीने लावून ठेवा. दुसरी अडचण कुलपाची. अमेरिकेतल्या नातेवाइकाने दिलेला जुना आयफोन एखाद्या कंपनीला बांधलेला असू शकतो. सेटिंग्ज, जनरल, अबाउट असे गेल्यावर खाली ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसले तरच दुसरे सिम चालेल. अमेरिकेत विकलेल्या आयफोन 14 पासूनच्या फोनांना सिमची जागाच नाही, तिथे ई-सिमशिवाय पर्याय नाही.

फोनचे बँड, म्हणजे तो पकडू शकतो ते सिग्नलच्या लहरींचे पट्टे, हा तर ग्राहकाला कधीच न सांगितला जाणारा विषय. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनांत फोरजीचे 1, 3, 5, 8, 40, 41 हे बँड सर्रास असतात. आपल्याकडे तेवढे पुरतात. युरोपात मात्र गावाकडचा आणि इमारतीच्या आतला सिग्नल मोठ्या प्रमाणात 800 मेगाहर्ट्झच्या बँड 20 वर येतो. कमी वारंवारतेच्या लहरी भिंतीतून चांगल्या शिरतात, म्हणून कंपन्या ते काम या बँडला देतात. बँड 20 नसेल तर रस्त्यावर नेट चालते आणि हॉटेलच्या खोलीत जाते; मग दोष सिमला दिला जातो. अमेरिकेत 2, 4, 12, 13, 66, 71 यांपैकी बरेच बँड हवेत. पुण्या-बेळगावात झकास चालणारा फोन अमेरिकेतल्या छोट्या गावात एक काडी दाखवतो, त्याचे कारण हे. फोनचा मॉडेल नंबर ‘अबाउट फोन’मध्ये मिळतो, त्यावरून कंपनीच्या साइटवर बँड बघता येतात. वर्षभरासाठी मूल शिकायला जात असेल तर इथून नवा फोन घेऊन देण्यापूर्वी हे बघाच.

ई-सिमकडे थोडे सावकाश बघू, कारण सर्वाधिक घोळ तिथेच होतात. डायलरवर *#06# दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ‘ईआयडी’ हा 32 आकडी क्रमांक दिसला तर फोनमध्ये ई-सिम आहे. आयफोनमध्ये 2018 च्या एक्सएस, एक्सआरपासून ही सोय आली. चीनमध्ये विकले गेलेले बरेच आयफोन याला अपवाद आहेत. प्रवासी ई-सिम विकत घेतल्यावर एक क्यूआर कोड येतो. तो त्याच फोनच्या पडद्यावर असेल तर स्कॅन कसा करणार, म्हणून तो दुसऱ्या फोनवर घ्या किंवा प्रिंट काढा. नव्या आयफोनमध्ये कोडावर बोट दाबून धरले तरी चालते. स्कॅन होतच नसेल तर ‘एसएम-डीपी प्लस’ पत्ता आणि अ‍ॅक्टिव्हेशन कोड हाताने भरता येतो. त्या दोन ओळी विक्रेत्याने कोडाखाली दिलेल्या असतात. ई-सिमचे प्रोफाइल, म्हणजे सिमची माहिती, फोनमध्ये उतरायला नेट लागते, म्हणून हे घरीच उरका. मात्र काही प्लॅनची मुदत प्रोफाइल बसवल्यापासून सुरू होते, काहींची परदेशी टॉवर पकडल्यापासून. ते वाचूनच स्कॅन करा.

कोड बहुधा एकदाच चालतो. ‘नेट येईना म्हणून ई-सिम डिलीट करून परत टाकले’ असे सांगणारे ग्राहक असतात. डिलीट केले की पैसे बुडाले समजा. बंद करायचे असेल तर त्याचे बटण बंद करा, प्रोफाइल काढू नका.

आणि हा प्रश्न तर ठरलेला: ‘रोमिंग बंद ठेवलंय, ई-सिम चालू आहे, सिग्नल फुल्ल आहे, मग नेट का येईना?’ प्रवासी ई-सिम अनेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे असते. थायलंडमध्ये वापरायचे ई-सिम हाँगकाँगच्या कंपनीचे असले, तर थायलंडमध्ये तेही रोमिंगवरच असते. म्हणून सेटिंग्जमध्ये ई-सिमच्या नावाच्या ओळीवर डेटा रोमिंग चालू आणि भारतीय सिमच्या ओळीवर बंद, असे हवे. घाबरून दोन्हींवर बंद केले की पैसे भरूनही नेट नाही. त्यानंतर मोबाइल डेटासाठी ई-सिमची ओळ निवडा. आयफोनमध्ये तिथेच खाली ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’ आणि सॅमसंगमध्ये ‘ऑटो डेटा स्विचिंग’ असे बटण असते. ते बंद करा. चालू राहिले, भारतीय ओळीवर रोमिंग चुकून सुरू असले आणि ई-सिमचा सिग्नल बोगद्यात गेला, तर फोन गुपचूप भारतीय सिमवरून डेटा घेऊ लागतो.

बहुतेक प्रवासी ई-सिमना फोन नंबर नसतो, फक्त डेटा असतो. टॅक्सीच्या अ‍ॅपचा ओटीपी भारतीय नंबरावरच येईल. थायलंड, सिंगापूर, व्हिएतनामकडे टॅक्सीसाठी ग्रॅब चालते. त्याची नोंदणी इथूनच करून जा.

ई-सिम कुठून घ्यावे, हा नाजूक भाग. परदेशी सिम किंवा ई-सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्याच्या कारणाने जानेवारी 2024 मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या दोन मोठ्या विक्रेत्यांची अ‍ॅप्स आणि साइट्स भारतात बंद करण्यात आल्या. जुन्या यूट्यूब व्हिडिओंत याच नावांची शिफारस असते आणि लोक ती शोधत बसतात. विक्रेत्याकडे प्रमाणपत्र आहे का, हे विचारा; अधिकृत विक्रेता पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागतोच. समाजमाध्यमावर स्वस्तात क्यूआर कोड पाठवणाऱ्याकडून घेऊ नका. काहीच जमले नाही तर त्या देशात उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवरून तिथल्याच कंपनीचे ई-सिम घेता येते.

स्वतःचे भारतीय सिम ई-सिममध्ये बदलून ट्रेमधली जागा मोकळी करावी का, असेही विचारतात. आमचे मत: करू नका. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी केले तर ओटीपीच नाही. शिवाय परदेशात फोन फुटला तर प्लास्टिकचे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. भारतीय ई-सिम तिथे बसून दुसऱ्या फोनमध्ये आणणे कटकटीचे आहे. भारतीय नंबर प्लास्टिकवर, प्रवासाचा डेटा ई-सिमवर, ही जोडी उत्तम.

युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. युरोपीय संघात जून 2017 पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात घरच्या दराने चालते. नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइनही त्यात आहेत. स्वित्झर्लंड नाही, आणि आता ब्रिटनही नाही. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणून इटलीत घेतलेले सिम तिथेही चालेल असे लोक गृहीत धरतात. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक युरोप सहलीत टिटलिस नाहीतर युंगफ्राऊ असते, आणि बर्फातला व्हिडिओ कॉल तिथेच करायचा असतो. सिम घेताना ‘स्वित्झर्लंड धरून’ असे लिहिलेले घ्या.

यूएईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळे जाते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल आणि फेसटाइम मात्र बंद आहेत. फोन बिघडलेला नसतो. तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप्स किंवा झूम, टीम्स वापरतात. तेच अ‍ॅप इथल्या घरच्यांच्या फोनमध्येही लागते, म्हणून खानापूरच्या खेड्यातल्या आईच्या फोनवर ते घालून, एकदा कॉल लावून दाखवून मगच निघा. ही बंदी चुकवण्यासाठी व्हीपीएन (नेट दुसऱ्या देशातून वापरल्यासारखे दाखवणारे साधन) टाकून जाण्याचा सल्ला अनेकजण देतात. व्हीपीएनचा गैरवापर केल्यास तिथल्या कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आहे. सल्ला देणारा तो भरणार नाही.

डेटा किती लागतो? नकाशा बघत तासभर गाडी चालवली तर 5-10 एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर तासभर बोलणे 30-40 एमबीत भागते. तेच व्हिडिओवर 300 एमबीच्या आसपास जाते. एक जीबीत दिवस आरामात निघतो. निघत नाही तो मागच्या दाराने जाणाऱ्या डेटामुळे. दिवसभरात काढलेले दोनशे फोटो, प्रत्येकी 3-4 एमबी, आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ गूगल फोटोज मोबाइल डेटावर चढवू लागले की जीबी कधी संपला कळत नाही. तिथे बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, प्ले स्टोअरचे अपडेटही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मीडिया आपोआप उतरवण्याचे मोबाइल डेटाखालचे सगळे टिक काढा. तिथे रोमिंगसाठी वेगळा रकाना असतो, पण स्थानिक सिम घातल्यावर फोन रोमिंगवर नसतो, त्यामुळे तो कामाला येत नाही. लॅपटॉपला हॉटस्पॉट देत असाल तर विंडोजमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा, नाहीतर पहिल्याच रात्री अपडेट सगळा पॅक गिळतो.

गूगल मॅप्समध्ये शहराचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. जीपीएसला नेट लागत नाही, त्यामुळे निळा ठिपका नेटशिवायही चालतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि त्या देशाची भाषा, दोन्ही ऑफलाइन उतरवा. हॉटेलचा पत्ता, तिकीट, विमा यांचे स्क्रीनशॉट ठेवा. कॉन्टॅक्टमधले महत्त्वाचे नंबर +91 लावून जतन करा. तिथल्या सिमवरून नुसता दहा आकडी नंबर लागत नाही. अधिकचे चिन्ह शून्यावर बोट दाबून धरले की येते.

हॉटेलच्या वायफायला जोडले तरी नेट येत नाही, कारण खोली क्रमांक आणि आडनाव विचारणारे पान उघडलेले नसते. ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाइप केले की ते बहुधा उघडते. तरीही नाही उघडले तर व्हीपीएन बंद करा आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ ऑटोमॅटिकवर आणा. आडनाव पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच टाका. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे त्यांनी हॉटेलने कोणते नाव नोंदवले ते काउंटरवर विचारावे. अशा उघड्या वायफायवर बँकेचे व्यवहार टाळा.

सगळे करूनही नेट आले नाही तर गडबडून दहा बटणे दाबू नका. फ्लाइट मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा. मग डेटासाठी कोणती ओळ निवडली आहे ते बघा, त्या ओळीचे डेटा रोमिंग बघा, नेटवर्क हाताने बदला. यानंतर एपीएन, म्हणजे सिमला इंटरनेटशी जोडणाऱ्या वाटेचे नाव. नवे सिम घातल्यावर एपीएन आपोआप यायला हवा, पण कधी कोरा राहतो किंवा चुकीचा येतो; सिमच्या पाकिटावर लिहिलेला शब्द जशाच्या तसा भरा, जतन करा आणि त्यावर टिक करा. नुसते भरून टिक न करणे हे नेहमीचे. फोन बंद-चालू करा. ‘रिसेट नेटवर्क सेटिंग्ज’ अगदी शेवटी, आणि ते करताना ई-सिम पुसण्याचा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका.

सहल कंपन्यांना एक विनंती. ‘वायफाय समाविष्ट’ असे पत्रकात छापता तेव्हा ते बसमध्ये, हॉटेलच्या लॉबीत की खोलीत, आणि एका खोलीला किती फोन, हेही छापा. मोबाइल कंपन्यांनाही सांगणे आहे. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये येत असल्याने इथल्या ग्राहकांना रोमिंगचे संदेश बहुधा इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये येतात. विमानातून उतरलेल्या सत्तरीच्या बाईंना ‘आपला 80 टक्के डेटा संपला’ हे मराठीत कळले तर त्या वेळेत फोन बंद करतील. ग्राहकाने निवडलेल्या भाषेत संदेश पाठवणे आता काही अवघड राहिलेले नाही.

परत आल्यावर: मोपाला उतरून चोर्ला घाटाने येताना नेटवर्क जाते ते घाटामुळे, पण बेळगावात आल्यावरही ‘नो सर्व्हिस’ राहिले तर तिकडे हाताने निवडलेले नेटवर्क तसेच आहे. निवड पुन्हा ऑटोमॅटिक करा, डेटाची ओळ भारतीय सिमवर आणा, एपीएन बघा. पोस्टपेड असेल तर कंपनीला सांगून रोमिंग सेवा बंद करा आणि पुढचे बिल ओळीओळीने वाचा, कारण परदेशी कंपन्यांकडून काही आकारणी उशिरा येते.

आपले,
मोबाइल विक्री-दुरुस्ती व्यवसायातील काही सहकारी,
बेळगाव